दहा वाजताची नाडी

स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं धाडलीया." करमाळ्याकडच्या आमच्या गावात मी भाकरी तव्यावर टाकून शेळीला पाला घालायला पळायची, तिथून विहिरीवर कोण आलंय ते बघायला जायची आणि परत येईपर्यंत भाकरीचा कोळसा झालेला असायचा. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी स्थळं बघायला घेतली. एका पाहुण्यांसमोर पाटावर बसवलं, तर चहा संपायच्या आत मी दोनदा उठले. ते लोक पुन्हा आले नाहीत. त्याच सुमारास गावात आठवड्याला एक नर्सबाई यायच्या. एसटीतून उतरल्या की भराभरा चालत शाळेच्या ओट्यावर यायच्या, भराभरा पोरांना सुया टोचायच्या, गोळ्या वाटायच्या आणि धूळ उडवत परतीच्या गाडीला पळायच्या. मला वाटलं, हेच आपलं काम. ज्या कामात बाईला कुणी बस म्हणत नाही. नर्सिंग म्हणजे चालणं अशी माझी समजूत होती, आणि ती घेऊनच मी सोलापूरला आले.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी होतो. लोखंडी खाटा, भिंतीत एक फडताळ आणि एकच खिडकी. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा. मेसमध्ये गंगव्वा नावाची अक्कलकोटकडची बाई स्वयंपाक करायची. तिच्या कडक भाकऱ्या हातानं मोडताना ताटभर आवाज व्हायचा. आमटी पातळ असायची पण तिखट अशी, की दुसऱ्या घासाला नाक वाहायचं. मी ताट हातात घेऊन उभ्यानंच जेवायची. गंगव्वा कानडीत ओरडायची, "कुंद्रु, कुंद्रु!" म्हणजे बस, बस. मला येणारा कानडीतला पहिला शब्द तो. शेजारच्या खाटेवरची पद्मा शहरातल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. रविवारी ती मला तिच्या घरी न्यायची. पुढच्या खोलीत तिच्या वडिलांचा माग चालू असायचा, त्याच्या खटखटाटात सगळे ओरडून बोलायचे, चिंचेचा आंबट भात आणि शेंगाचटणी खायचे. गंमत म्हणजे त्या आवाजात मला गाढ झोप लागायची. वॉर्डातल्या शांततेत मात्र माझे पाय चुळबुळत.

दुसऱ्या वर्षी मला बायकांच्या सर्जिकल वॉर्डात ड्यूटी लागली. अठ्ठावीस खाटा. आम्ही विद्यार्थिनींनी ठरलेल्या वेळी प्रत्येकीचा ताप, नाडी आणि श्वास मोजून खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर लिहायचा. ताप निळ्या शाईनं, नाडी लाल शाईनं. नाडी निदान अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची, श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. अठ्ठावीस जणींचं हे सगळं नीट करायचं तर एक तासाहून जास्त लागतो. मी वीस-पंचवीस मिनिटांत उरकायची. थर्मामीटर एकीच्या तोंडात ठेवून दुसरीकडे वळायचं. मनगटावर बोटं ठेवायची, घड्याळाकडे एकदा बघायचं, मागचा आकडा वाचायचा आणि त्यात दोन इकडे-तिकडे करून लिहून टाकायचं. श्वासाचं तर विचारूच नका. आमच्या वॉर्डात कुणाचाही श्वास वीसच्या वर किंवा खाली कधी गेला नाही. म्हातारी असो, पोर असो, दम्याची असो, सगळ्या वीस. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांनीच शिकवलं होतं. वर माझं कौतुक व्हायचं ते वेगळंच. "इंदू म्हणजे वारा आहे वारा," असं स्टाफ नर्स लीलाताई दुसऱ्या मुलींना ऐकवायच्या.

लीलाताई बारा वर्षं त्या दवाखान्यात होत्या. पान खाल्ल्यासारखे लाल ओठ, ठसठशीत कुंकू, आणि हात असा हलका की त्यांच्याकडून इंजेक्शन घ्यायला बायका थांबून राहायच्या. लवकरच त्या वॉर्डाच्या सिस्टर होणार असं सगळे धरून चालले होते. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. आम्हाला शिकवणाऱ्या थोरात सिस्टर मात्र मला आवडत नसत. त्या हळू बोलायच्या, हळू चालायच्या आणि एकेक वाक्य दोनदा सांगायच्या. एकदा वर्गात त्या म्हणाल्या, "रुग्ण तळमळतोय तर का तळमळतोय ते आधी शोधा. कारण सापडल्याशिवाय त्याला झोपवू नका. झोपलेला माणूस तक्रार करत नाही, आणि आपल्याला वाटतं तो बरा आहे." मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सोजरबाई आमच्याच भागातली, तिशीच्या आतबाहेरची. कडब्याच्या गंजीवरून पाय घसरून खाली उभ्या गाडीच्या कडेवर डाव्या कुशीवर पडली होती. फोटोत एक बरगडी चिरलेली दिसली. पोटावर खरचटल्याची खूण होती, पण पोट मऊ होतं, म्हणून दोन दिवस नजरेखाली ठेवायचं ठरलं. बरोबर तिची जाऊ पारूबाई होती. संध्याकाळी मी ड्यूटीवरून निघताना सोजरबाईनं मला हाक मारली. "ताई, तुमी करमाळ्याच्या व्हय? बोलन्यावरनं वाटलं." मग गावं निघाली, कुणाच्या मामाची सोयरीक कुठे झाली ते निघालं. ती हसली तशी बरगडी दुखून तिनं कुशीवर हात दाबला. घरी पाच वर्षांची लेक होती आणि दुभती म्हैस. म्हशीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर मेट्रनकडे बैठकीला गेल्या होत्या आणि वॉर्ड लीलाताईंकडे होता. सकाळची ऑपरेशनं, दोन नव्या भरती, ड्रेसिंगची ट्रॉली, उकळत्या पाण्यात खडखडणाऱ्या काचेच्या सिरिंजा. दहाच्या फेरीला मी सोजरबाईच्या खाटेशी आले तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. मी मनगट धरलं. तक्त्यावर सातला ऐंशी लिहिलेलं होतं, लीलाताईंच्या अक्षरात. मी पण ऐंशी लिहिलं. श्वास वीस. "ताई, खांदा लई दुकतोय," ती म्हणाली. "बरगडीला लागलंय ना, दुखणारच," असं म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळले. आज माझ्या विद्यार्थिनींपैकी एखादीनं असं केलं असतं तर मी तिला तिथेच थांबवून विचारलं असतं, कोणता खांदा? आडवं झाल्यावर जास्त दुखतो का? खांद्याला मार लागला होता का? मार पोटात आणि दुखणं डाव्या खांद्यात, हे पोटात रक्त साचल्याचं लक्षण असू शकतं. हे मी तेव्हा शिकलेही होते. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर उत्तर लिहिलं असतं.

जेवणं आली तेव्हा वॉर्डात सोजरबाईचीच चर्चा चालली होती. ती उठून बसत होती, आडवी होत होती, पुन्हा उठत होती. चादर पायांनी खाली ढकलत होती. "मला घरी न्या की गं पारू. खिडकी उघडा. पानी द्या." तीन तांबे पाणी झालं, ताट तसंच. शेजारच्या खाटेवरची म्हातारी वैतागली, "काय बाई, मासोळीवानी तडफडतीया, आमाला जेवू देईना." पारूबाई ओशाळून म्हणाली, "पोरीची आठवन काढतीया, दुसरं काय न्हाय." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, अस्वस्थ वाटल्यास झोपेचं इंजेक्शन. लीलाताई हातातल्या ड्रेसिंगवरून मान न उचलता म्हणाल्या, "इंदू, देऊन टाक तिला. झोपेल जरा."

मी सिरिंज भरली, ट्रेमध्ये स्पिरिटचा बोळा ठेवला आणि तिच्याजवळ गेले. बाही वर करायला दंड धरला तर तो थंड लागला. बाहेर सोलापूरचं ऊन, डोक्यावर नुसता घरघरणारा पंखा, आम्ही सगळ्या घामानं चिकट झालेल्या, आणि हिचा हात रांजणाच्या बुडासारखा गार, ओला. तिनं माझी बोटं पकडली. "ताई, मला काय व्हतंय ते कळंना. जीव थाऱ्यावर न्हाय." आणि बोलता बोलता तिनं मोठी जांभई दिली. झोप आलेल्या माणसाची नव्हती ती जांभई, हवा पुरत नसल्यासारखी होती. मी ट्रे खाली ठेवला. मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नाडी बारीक, भराभर पळणारी. तीस सेकंदांत अठ्ठावन्न. माझा विश्वास बसेना, म्हणून पूर्ण मिनिट मोजली. एकशे अठरा. त्या मिनिटात मी हलले नाही. माझ्या आठवणीतलं ते पहिलं पूर्ण मिनिट.

"लीलाताई, पाच नंबरची नाडी एकशे अठरा लागतेय."

त्या आल्या, तक्ता बघितला. "दहाला ऐंशी होती की. घाबरलीय ती." तरी त्यांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं, पट्टा बांधला, पारा वर नेला. "एकशे दहा. चांगलं आहे. दे इंजेक्शन."

"हात गार आहे तिचा. पाणी पाणी करतेय. मी नाही देणार, ताई."

असं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा तक्त्याकडे बघितलं. "मग काय करणार आहेस?"

"डॉक्टरांना बोलावते."

उत्तराची वाट न बघता मी निघाले. बाह्यरुग्ण विभाग आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. डोक्यावरची टोपी निसटली ती हातात धरूनच मी पळत होते. तरुण डॉक्टर समोरची रांग सोडून उठून आले, थोडे चिडूनच. त्यांनी सोजरबाईचं पोट दाबलं. ती कण्हली, पण पोट फार कडक लागलं नसावं. रक्तदाब पुन्हा घेतला, एकशे सहा. तक्ता हातात घेऊन त्यांनी विचारलं, "दहाची नाडी कुणी घेतली?"

"मी."

"ऐंशी? नक्की?"

पारूबाई माझ्याकडे बघत होती. लीलाताई बघत होत्या. मी म्हणाले, "हो."

"सात ते दहा अगदी व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "रात्रभर रक्त गेलं असतं तर सकाळीच नाडी चढली असती. आत्ता वेदनेनं, भीतीनं वाढली असेल. अर्ध्या तासानं पुन्हा मोजा आणि मला कळवा." तक्ता खाटेला अडकवून ते दाराकडे चालू लागले.

ते दार माझ्यापासून आठ-दहा पावलांवर होतं. त्या पावलांइतकाच वेळ माझ्याकडे होता. खरं बोलले तर नाव काढून टाकतील, वडील न्यायला येतील, पुन्हा पाट, पुन्हा पाहुणे, हे सगळं डोक्यात आलं, खोटं कशाला सांगू. पण मागे सोजरबाई चादर मुठीत धरत होती आणि सोडत होती, आणि त्या चादरीचा आवाज मला ऐकू येत होता. मी धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिले.

"डॉक्टर, दहाची नाडी मी मोजली नव्हती. मागचा आकडा बघून लिहिला."

मग लीलाताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि सातची?"

लीलाताईंनी खाली बघितलं. हातातला चिमटा त्यांनी ट्रॉलीवर ठेवला, तो टणकन वाजला.

"म्हणजे काल संध्याकाळपासून या बाईची नाडी आपल्याला माहीतच नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. ते परत खाटेशी आले, तिची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, विचारलं, "कुठं दुखतंय बाई?" ती म्हणाली, "ह्यो डावा खांदा. सकाळधरनं सांगतीया." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "रक्ताला माणूस पाठवा. सर्जनसाहेबांना थिएटरमधनं बाहेर येऊ देऊ नका. हिला तोंडानं काही देऊ नका आता." सलाईन लावायची शीर मिळेना, ती लीलाताईंनी शोधली, पहिल्याच टोचण्यात. स्ट्रेचर ढकलत आम्ही निघालो तेव्हा पारूबाई माझ्या पदराला धरून विचारत होती, "आत्ता तर बरी व्हती की वो, आत्ता तर बोलत व्हती."

डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. फाटल्यावर रक्त आधी थोडं आतच धरून राहिलं आणि मग सुटलं, असं नंतर कळलं. दुपारभर मी थिएटरच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. सोजरबाईचा नवरा आणि धाकटा दीर तिला भेटायला नेमके त्याच दुपारी गावाहून आले होते. दिराचं रक्त जुळलं. तो बाकावर दंड दाबून बसला होता आणि मला सारखा विचारत होता, "पुरंल का तेवडं?" मी म्हणत होते, पुरेल. मला काहीच माहीत नव्हतं. उन्हं कलल्यावर तिला बाहेर आणलं. ओठ पांढरेफटक, पण श्वास चालू होता. तो मी मोजला. सव्वीस.

ती वाचली, पण सहजासहजी नाही. जखम पिकली, ताप चढला, तीन आठवडे ती आमच्याकडे होती. जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तुमी पळत गेला म्हनून मी हाय," म्हणाली. मी तिला दहा वाजताचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. पुढे इतकी वर्षं मी मुलींना शिकवलं. सोजरबाईची गोष्ट दर वर्षी सांगितली, गार हात, जांभई, खांदा, रक्तदाब शेवटपर्यंत फसवतो, सगळं सांगितलं. त्यात ऐंशीचा आकडा लिहिणारी मुलगी मात्र नेहमी 'एक विद्यार्थिनी' असायची. आता गुडघे गेलेत, शिकवणं संपलंय, तेव्हा इथे लिहून ठेवते.

सोजरबाईच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी थोरात सिस्टरांनी मला बोलावलं. मी कपडे ट्रंकेत भरूनच गेले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि समोर बसून माझा स्वतःचा श्वास मोजायला लावला, पूर्ण मिनिट. मग म्हणाल्या, "काढून टाकणार नाही. तू खरं बोललीस म्हणून नाही. तू इंजेक्शन दिलं नाहीस म्हणून." ते दोन्ही निराळं आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. सर्जिकलच्या तीन महिन्यांची ड्यूटी मला पहिल्यापासून पुन्हा करायची होती, आणि रोजचा तक्ता त्या स्वतः तपासणार होत्या. फक्त माझाच नव्हे, सगळ्यांचाच. त्यामुळे हॉस्टेलवर माझ्याशी बोलणं बंद झालं. सगळ्या तसंच लिहायच्या, आणि माझ्यामुळे सगळ्यांची फेरी आता तासाभराची झाली होती. मेसमध्ये मी बसले की पंगत सरकायची. पद्मा तेवढी ताट घेऊन शेजारी यायची. "अय्यो, बोलतील गं, चार दिवसांनी बोलतील," म्हणायची आणि चटणीचा डबा माझ्याकडे सरकवायची. गंगव्वाला आता मला बस म्हणावं लागत नव्हतं.

लीलाताईंची बढती थांबली. मेट्रननी त्यांना काय सुनावलं ते कळलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांनी कुंकू लहान लावलं, आणि माझ्याशी कामापुरतं एक अक्षरही बोलल्या नाहीत. ट्रे हवा असला तर दुसरीला सांगून मागवायच्या. मी जवळून गेले की अंग चोरायच्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं गुपित मी फोडलं नव्हतं, माझंच सांगितलं होतं, असं मी मनाशी घोकायची. पण सातचा आकडा माझ्या बोलण्यानंच उघडा पडला होता, हे दोघींनाही माहीत होतं. दिवसभर पायात तीच जुनी भिंगरी, आणि मनगट धरून उभं राहायचं एकेक मिनिट डोंगराएवढं.

दोनेक महिने असे गेले. एका दुपारी वॉर्ड जेवून पडला होता, खिडक्यांना ओले पडदे लावलेले. अकरा नंबरवर आदल्या दिवशी ऑपरेशन झालेली एक बाई होती. लीलाताई तिच्या उशाशी उभ्या होत्या, बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. मी ट्रॉली घेऊन चालले होते, तर त्यांनी मान न वळवता हाक मारली.

"इंदू, इकडे ये. हिची मोज."

"तुम्ही मोजलीत ना, ताई?"

"मोजली. माझा आकडा सांगत नाही. तू तुझा कागदावर लिही."

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. मिनिटभर आमच्या दोघींमध्ये ती बाई आणि घड्याळाची टिकटिक. मी चौऱ्याण्णव लिहिलं. लीलाताईंनी खिशातून त्यांची चिठ्ठी काढून माझ्या कागदाशेजारी ठेवली. त्यांनी शंभर लिहिलं होतं.

मला वाटलं आता त्या चिडतील. त्यांनी दोन्ही कागद नीट बघितले, आणि एक स्टूल माझ्याकडे पायानं ढकललं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. मी बसले.